‘तीन’ म्हणण्याआधी

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज संध्याकाळी क्रीडा मंडळाच्या सेक्रेटरी बाई घरी आल्या. मुलगी गेली तेव्हा, नोव्हेंबरात, एकदा भेटून गेल्या होत्या. त्यानंतर आजच. हिने चहा दिला. बाई बराच वेळ कपाकडे बघत राहिल्या, तेव्हाच काहीतरी अवघड बोलायचे आहे हे लक्षात आले.

मंडळाचा लहान गट, म्हणजे सात ते दहा वर्षांची मुले, माझी मुलगी शिकवत होती. ती गेल्यापासून तिचा मदतनीस शिकवतो. मुले त्याला दादा म्हणतात, म्हणून सगळेच दादा म्हणतात. तेव्हापासून मुलांचा वेग घसरला अशी पालकांची तक्रार आहे. मंडळाच्या खोलीत भिंतीवर तक्ता आहे. त्यावर प्रत्येक मुलाच्या धावण्याच्या वेळा लिहितात, आणि मुलांना न्यायला आलेला प्रत्येक जण तो उभा राहून वाचतो. बाहेरची एक अकादमी हा गट घ्यायला तयार आहे. समितीची बैठक चोवीस तारखेला. त्याआधी कोणा तिऱ्हाइताने मुलांची नीट मोजणी करावी असे ठरले आहे.

“तिचे वडील म्हणून नाही विचारत काका,” बाई म्हणाल्या. “तुमचं आयुष्य मोजमापात गेलं. तुम्ही आकडा दिलात की कोणी तोंड उघडणार नाही.”

माझी आजवरची सगळी नोकरी पाण्याच्या मीटरच्या तपासणी कक्षात झाली आहे हे खरे. मी हो म्हटले. जाता जाता त्यांनी आणखी सांगितले की बैठकीच्याच दिवशी मुलीच्या नावाचा फलक लावायचा आहे. तिच्या हाताखाली मुलांनी दिलेल्या सर्वोत्तम वेळा त्यावर रंगवून घेणार आहेत. त्यालाही बरे म्हटले.

दार लावून ही म्हणाली, “त्या पोराला काढायचंय त्यांना. हात तुमचा हवाय.”

मी म्हटले, मोजणे म्हणजे मोजणे. त्यात कोणाचा हात नसतो.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

कामावरून परस्पर मैदानावर गेलो. याआधी कधी येणे झाले नव्हते. ती बोलवायची, पण दर वेळी काहीतरी निघायचे.

फाटक जमिनीला घासते. दोन्ही हातांनी उचलून ढकलावे लागते. आत गेल्यावर डावीकडे सामानाची खोली. रबरी गाद्यांचा वास, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, आणि खिळ्याला तिची टोपी. ती कोणी काढलेली नाही. मीही हात लावला नाही.

दादा उंच आहे, खाली बघून बोलतो. त्याच्या गळ्यात तिची शिट्टी होती, निळ्या नाडीची. मंडळाची वस्तू असेल, पण मला ते बरे वाटले नाही.

मुलांनी मला घेरले. मी काही सांगायच्या आत एका मुलीने बाकीच्यांना माझी ओळख करून दिली: हे ताईचे बाबा, मीटर तपासतात. तेव्हापासून मी मीटरआजोबा. एका गोबऱ्या मुलाने विचारले, तुम्ही किलोमीटरआजोबा कधी होणार. ओळख करून देणाऱ्या मुलीला सगळे वकील म्हणतात. आठ वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि प्रत्येक गोष्टीला तिची हरकत असते. मी पाणी पिताना उभा होतो त्यालाही होती.

चाचण्या दोन. एक सरळ धाव. दुसरी वळणधाव: नारिंगी कोन नागमोडी मांडतात, एकही न पाडता पलीकडे जायचे आणि परत यायचे. वळणधावेला सरळ धावेच्या तिप्पट वेळ लागतो. दादा शिट्टी वाजवतो, मी स्टॉपवॉच दाबतो. घड्याळ कक्षातले नेले होते, तपासून शिक्का मारलेले.

सगळी मुले मागे पडली आहेत. एकही अपवाद नाही. तक्त्यावर ऑक्टोबरच्या वेळा तिच्या अक्षरात आहेत. तिचा नऊ जुन्या वळणाचा, माझ्यासारखा.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

पुन्हा मोजले. तेच.

आज दादाचे शिकवणे नीट बघितले. अर्धा वेळ पकडापकडी चालू होती. मी विचारले, हा सराव आहे का. तो म्हणाला, “वळण असंच शिकतात काका. कोनाला घाबरून कोणी पटकन वळत नाही, पकडणाऱ्याला घाबरून वळतात.” मग एक कोन सरळ करत, “ती असंच घ्यायची.” मला पटले नाही. ती शिस्तीची होती. घरी तिच्या चपलासुद्धा सरळ रेषेत असायच्या.

एक पडला तर दादा त्याच्याजवळ जाऊन बसला, उठवले नाही, नुसता शेजारी बसला. तोवर बाकीची मुले वाळूत खेळत होती. वेळ वाया जातो तो असा.

तिच्या गटाची वाट लागते आहे आणि हा माणूस तिची शिट्टी गळ्यात घालून मुलांच्या शेजारी बसतो. जेवताना हिला हे सांगितले. ती म्हणाली, “तो काही नुसता मदतनीस नव्हता.” मी म्हटले, माहीत आहे, बाहेरगावी स्पर्धांना तोच सोबत जायचा. ही माझ्याकडे बघत राहिली आणि मग वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली.

शनिवार, १० फेब्रुवारी

सकाळी दादा घरी आला. हिच्या गुडघ्याचे मलम घेऊन आला होता, ते एकाच दुकानात मिळते. मी पेपर वाचत होतो. त्याने स्वतःच चहा ठेवला. गाळणी कुठल्या खणात असते हे त्याने विचारले नाही. हिने आधी सांगितले असेल. त्याने तीन कप काढले, मग एक परत ठेवला आणि चहा न घेताच निघाला.

तो गेल्यावर मी सेक्रेटरी बाईंना फोन केला. म्हटले, लेखी नंतर देतो, पण दोन वेळा मोजले, मुले मंदावली आहेत यात शंका नाही.

“मला वाटलंच होतं,” बाई म्हणाल्या. आवाजात सुटका होती. “मग अकादमीशी बोलायला हरकत नाही.”

मी म्हटले, तो तुमचा निर्णय.

फोन ठेवला तेव्हा ही दारात उभी होती. मलम उचलून आत गेली.

सोमवार, १२ फेब्रुवारी

कामावर आज एक दाबमापी आला. पंपघराची तक्रार होती की दाब अचानक वाढला आहे. तपासणीच्या बाकावर लावला. कमी दाबाला जितका जास्त दाखवतो, तितकाच मोठ्या दाबालाही. पाणी बंद करून बघितले तर काटा शून्यावर टेकतच नव्हता, जरा वरच अडकून बसत होता. म्हणजे दाब वाढलेला नाही. सुरुवातच चुकीच्या जागेवरून. आमच्याकडे याला शून्याची चूक म्हणतात, आणि नव्या माणसाला ती पहिल्या आठवड्यात शिकवतात.

दुपारी डबा खाताना घास हातात राहिला.

मुलांच्या वेळा मला पाठ आहेत. सरळ धावेत प्रत्येक मूल साधारण अर्ध्या सेकंदाने मागे आहे. वळणधाव तिप्पट लांबते. मुले खरेच मंद झाली असती तर तिथे दीड सेकंदाने मागे पडायला हवी होती. तिथेही अर्धाच. गोबऱ्याचाही अर्धा, वकिलाचाही अर्धा, काल-परवा तापातून उठलेल्या पोराचाही अर्धा. एवढ्या मुलांचा सराव बिघडला असता तर प्रत्येकाचा आपापल्या परीने बिघडला असता.

हे पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते. समोर होते. दाबमापीकडे मी राग धरून बघत नाही, म्हणून त्याचे दिसले.

चूक सुरुवातीत आहे. माझ्या सुरुवातीत की तिच्या, हा प्रश्न आहे. माझ्या घड्याळावर शिक्का आहे.

पुढचे लिहीत नाही.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मैदानावर लवकर गेलो. दादा अजून आला नव्हता. मुले पायऱ्यांवर बुटांच्या नाड्या बांधत होती. मी सहज विचारल्यासारखे विचारले, की शिट्टी वाजल्यावर निघायला उशीर होतो का.

वकिलाने हरकत घेतली. “उशीर आम्हाला नाही होत. तुमची शिट्टी न सांगता वाजते.”

मी म्हटले, शिट्टी सांगून कशी वाजेल.

“ताईचं सांगून यायचं. आधी एक, मग दोन, मग साडे, मग माडे. कळायचं की आता तीन येणारे. शिट्टी एकदम येते. भॉक करून. त्यात दचकण्यात वेळ जातो.”

मग गोबरा म्हणाला, ताई असं म्हणायची, आणि सगळी पायरी एका सुरात ओरडली: एक, दोन, साडेमाडे तीन.

दादा तेवढ्यात फाटकातून आत आला होता. तो तिथेच थांबला. मग वळून सामानाच्या खोलीत गेला, दोऱ्या आणतो म्हणाला. दोऱ्या बाहेरच पडल्या होत्या. बराच वेळ तो आत होता.

रविवार, १८ फेब्रुवारी

चार दिवस टाळले. आज दुपारी हिला म्हटले, तुझ्या फोनवर तिचे मैदानावरचे व्हिडिओ असतील.

आहेत. ही ते बघते, मला माहीत आहे. स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून, आवाज बंद करून. मी घरात असतो म्हणून बंद करून. मी एकही बघितलेला नाही.

ओट्यापाशी दोन स्टुले ओढून बसलो. तिने एक शोधला. बाजूने काढलेला आहे, रेषेवर वकील उभी, तेव्हा तिचे दात होते. फोन धरणारा दिसत नाही. मुलगी रेषेच्या टोकाशी, हातात घड्याळ, डोक्यावर ती खिळ्याची टोपी.

हिने विचारले, “आवाज लावू?”

मी म्हटले, त्याशिवाय उपयोग नाही.

लावला.

काही वेळाने ही म्हणाली, पुन्हा लावू का. मी हो म्हटले. पुन्हा लावला. असे बऱ्याच वेळा झाले. मग माझ्या लक्षात आले की मी मुलीच्या तोंडाकडेच बघतो आहे आणि वकिलाच्या पायाकडे एकदाही बघितलेले नाही. त्यानंतर पायाकडे बघितले.

ती ‘साडे’ म्हणते, लांबवते. मग ‘माडे’. मग क्षणभर थांबते, हसू दाबल्यासारखी. मग ‘तीन’, आणि ‘तीन’ला तिचा अंगठा घड्याळावर पडतो. वकिलाचा पाय ‘माडे’लाच उचललेला असतो. ‘तीन’ येईपर्यंत ती दोन पावले पुढे गेलेली असते. दुसरा व्हिडिओ बघितला, तिसरा बघितला. प्रत्येक मूल ‘माडे’ला निघते. ती कोणालाही थांबवत नाही.

म्हणजे तक्त्यावरची तिची एकही वेळ खरी नाही. प्रत्येक मुलाला निदान अर्धा सेकंद फुकट मिळाला आहे, शिट्टीला दचकण्यात जातो तो वेगळाच.

हे मी मोठ्याने बोललो. म्हटले, तिला कळायला हवे होते. घड्याळ कधी सुरू करायचे हे माझ्या मुलीला कळू नये?

हिने फोन उलटा करून ठेवला. “तिला कोणी शिकवलं ते?”

मी म्हटले, कुठल्या तरी शिबिरात.

“या जिन्याखाली शिकवलंत तुम्ही. चार वर्षांची होती. तुम्ही पायरीवर बसून साडेमाडे लांबवायचात, आणि ती तुमचं तीन व्हायच्या आत फाटकाला हात लावून उभी. पोट धरून हसायचात. एकदाही तिला परत बोलावलं नाहीत.”

मला ते आठवत नव्हते. आता आठवते आहे.

मंगळवार, २० फेब्रुवारी

व्हिडिओवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे पुरावा नव्हे. मुले खरेच मागे पडलीत की नाहीत, हे एकाच मार्गाने कळणार होते: तिच्याच पद्धतीने पुन्हा मोजायचे, तिच्या चुकीसकट. मी दादाला सांगितले की हिचा फोन आणला आहे, मोठ्या स्पीकरला जोडू, तिच्या आवाजावर मुलांना सोडू.

पहिल्यांदाच त्याने माझ्या डोळ्यांत बघितले. “नाही काका. तिचा आवाज नाही लावायचा. ही पोरं आत्ता कुठे रडायची थांबलीत.”

मी म्हटले, मग तू म्हण. तू रोज ऐकत होतास.

त्याने तोंड उघडले. एक म्हणाला, दोन म्हणाला, आणि पुढे आवाज निघेना. शिट्टीच्या नाडीला धरून उभा राहिला. मुले रेषेवर वाट बघत होती. वकिलाने हरकत घेतली नाही.

तेव्हा मी म्हटले. पायरीवर बसून म्हणायचो तसे, लांबवून. काही मुले माझ्याकडे वळून बघायला लागली. पहिल्या फेरीत घोटाळा झाला. दुसऱ्या फेरीला पाय ‘माडे’ला उचलले गेले, जसेच्या तसे. मी ‘तीन’ला घड्याळ दाबले. सरळ धाव घेतली, वळणधाव घेतली.

प्रत्येक वेळ ऑक्टोबरपेक्षा कमी आहे. गोबऱ्याच्या वळणधावेवर तर विश्वास बसेना, मी त्याला पुन्हा धावायला लावले. पुन्हा तेच. तो म्हणाला, मीटरआजोबा, आता कोन पळून जातील.

म्हणजे मुले मंदावलेली नाहीत. या तीन महिन्यांत ती वेगवान झाली आहेत.

मुले गेल्यावर दादा कोन एकात एक घालत होता. मी विचारले, “तुला माहीत होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या आठवड्यापासून. शिट्टी लावली आणि सगळे एकदम पडले. कळलंच.”

“मग बोलला का नाहीस? तुझी नोकरी जाते आहे.”

त्याने कोनांची चळत उचलून छातीशी धरली. “काय बोलू काका? ती चुकत होती म्हणू? ती उत्तर द्यायला नसताना?”

फाटक त्यानेच उचलून उघडून दिले.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सेक्रेटरी बाईंचा फोन. फलक तयार आहे. खूप सुरेख झाला आहे, वेळा पिवळ्या रंगात घेतल्या आहेत, लांबून दिसतात. अकादमीचा माणूस शनिवारी हजर राहील. मी माझा अहवाल वाचून दाखवावा, दोन ओळी पुरेत.

मी विचारले, मोजणीबद्दल थोडे वेगळे सांगायचे असेल तर. बाई हळू आवाजात म्हणाल्या, “काका, तुम्हीच म्हणालात की शंका नाही. आता लोकांना काय सांगू? आणि तिचा मान होतोय, तेवढा तरी होऊ द्या.”

दिवसभर कामात लक्ष नव्हते. दोन ओळी वाचल्या तर खोटे असे काहीच होत नाही. मी मोजले ते आकडे खरेच आहेत. तिचे नाव पिवळ्या रंगात भिंतीवर लागते. जातो तो एक उंच, खाली बघून बोलणारा मुलगा, आणि तो तक्रार करणार नाही, हे मला माहीत आहे. तोही तेच करतो आहे जे मला करावेसे वाटते आहे. फरक एवढाच की त्याची किंमत तो स्वतः मोजतो, आणि माझीही तोच मोजणार.

संध्याकाळी हिला विचारले, तू काय करशील. भाजी चिरत होती. म्हणाली, “माझी मुलगी काही फलकावर नाही राहत.”

थोड्या वेळाने म्हणाली, “तो नाही आला तर मला मात्र कोणाशी बोलायला उरत नाही.”

मी घरात असताना ती असे कसे म्हणाली, याचा विचार करतो आहे.

शनिवार, २४ फेब्रुवारी

मंडळाच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या, पालक भिंतीला टेकून उभे होते. फलक टेबलावर कापडाखाली. दादा दारापाशी, आत ना बाहेर. अकादमीचा माणूस चांगल्या बुटांतला, हसतमुख.

मला बोलायची सवय नाही. उभा राहिलो आणि हातातला कागद खिशात ठेवला.

आधी सांगितले की दहा तारखेला मी फोनवर जे कळवले ते चूक होते. मुले मागे पडलेली नाहीत. मग तक्त्यावरची वेळ कशी मोजली गेली ते सांगितले. साडेमाडे तीन सांगितले तेव्हा काही जण हसले. मग हसू थांबले.

वकिलाचे वडील पुढे आले. मुलगी कोणावर गेली ते कळले. “म्हणजे ताईंनी दिलेल्या वेळा खोट्या होत्या?”

“चुकीच्या होत्या.”

“एकच झालं.”

“नाही,” मी म्हटले. “ती रोज एकच चूक करत होती. पहिल्या दिवशी जी, तीच शेवटच्या दिवशी. काटा शून्याच्या वर अडकला असला, तरी कालच्यापेक्षा आज किती वर गेला ते तो बरोबर सांगतो. तुमची मुलगी किती वेगात धावते ते तिला माहीत नव्हतं. तुमची मुलगी किती सुधारली ते तिला अचूक माहीत होतं. ते तेव्हाही खरं होतं, आणि त्याच मापाने मोजलं तर आजही सुधारतेच आहे. ते काम याने केलं.”

दाराकडे हात केला. सगळ्यांनी तिकडे बघितले. दादा बुटांकडे बघत होता.

सेक्रेटरी बाईंनी विचारले, मग फलकावरच्या वेळांचे काय. मी म्हटले, त्या काढा. कोणत्याही मुलाने इतक्या वेळात ती धाव पूर्ण केलेली नाही.

बाईंचा चेहरा बघवत नव्हता. त्यांच्या मनात मुलीबद्दल खरेच माया होती, हे मला तेव्हा दिसले. अकादमीच्या माणसाने घड्याळात बघितले. मागून एक आई म्हणाली, की अहो, आमचा घरी कोन म्हणून भांडी मांडून पळतो, मला स्वयंपाकघरात शिरता येत नाही, आणि तुम्ही म्हणता मंदावला. त्यावर हशा झाला आणि सगळे एकदम बोलायला लागले.

ठरले ते असे: गट दादाकडेच राहील. जूनमध्ये पुन्हा मोजायचे, ठरलेल्या एकाच पद्धतीने. पद्धत मी ठरवायची. फलक रंगाऱ्याकडे परत जाईल, वेळा खरवडून काढायच्या, नाव ठेवायचे.

घरी येताना मागून एक पालक दुसऱ्याला म्हणताना ऐकू आले: “बाप बघ. स्वतःच्या मुलीला सोडलं नाही.” मी पावले वाढवली नाहीत, कमीही केली नाहीत.

ही जागी बसून होती. सांगितले. तिने पाणी दिले आणि माझ्या शेजारी बसली. उठवले नाही, विचारले नाही. नुसती बसली.

मंगळवार, ५ मार्च

आठवडाभर कामानंतर बाकावर थांबून एक पट्टी केली. रबराखाली धातूचे दोन पत्रे, त्यांतून तार घड्याळाला. मूल पट्टीवर पाय ठेवून उभे राहते, तेव्हा छोटा लाल दिवा लागतो. पाय उचलला की दिवा विझतो आणि घड्याळ सुरू होते. कोणाच्या अंगठ्याचा, कानाचा, शिट्टीचा संबंध नाही. मूल निघेल तिथे शून्य.

वकिलाने पट्टी उलटसुलट तपासली. मग विचारले, “म्हणजे आता आम्ही केव्हाही निघालो तरी चालेल?”

मी म्हटले, केव्हाही.

“मग एक-दोन कशाला म्हणायचं?”

मी दादाकडे बघितले. दादा म्हणाला, “म्हणायचं.”

त्याने शिट्टी गळ्यातून काढली आणि माझ्या हातात दिली, धरा म्हणाला. नाडी गरम होती. मग रेषेच्या टोकाशी जाऊन उभा राहिला, मुलगी व्हिडिओत जिथे उभी आहे तिथेच. वकील पट्टीवर. दिवा लागला.

एक. दोन. आवाज जरा फुटला, पण थांबला नाही. ‘साडे’ लांबवले. ‘माडे’ म्हटले. मग तो थांबला, हसू दाबल्यासारखा, अगदी तेवढाच, त्याच जागी. एवढी नेमकी जागा नुसते शेजारी उभे राहून साधत नाही, त्याला जीव जडावा लागतो. ते मला आज कळले, आणि ही इतके दिवस माझ्याकडे तसे का बघत होती तेही. आज त्याला घरी जेवायला बोलावले आहे. हिने विचारले नाही कोणाचे ताट, तीन घेतली.

मी दिव्याकडे बघत होतो. ‘तीन’ यायच्या आतच तो विझला होता. वकील दोन पावले पुढे गेली होती. कोणी तिला परत बोलावले नाही.